अथामसच्या तीन बायका आणि भाजलेलं बियाणं

पेरणीचा गहू मंद आचेवर भाजून, गार करून पुन्हा रांजणात भरला, तर वरवर पाहणाऱ्याला चटकन काही कळत नाही. आकार तोच राहतो, वजन थोडं घटतं, रंग जरा खरपूस होतो. पण दाण्याच्या टोकाशी असलेला अंकुर आतल्या आत मेलेला असतो. बियाण्याचा गहू यंत्राने वाळवताना आजही साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर उष्णता जाऊ देत नाहीत. भाजायचं भांडं तर बघता बघता शंभरी ओलांडतं. असा दाणा मातीत पडला की ओल पिऊन फुगतो, कोंब मात्र धरत नाही. मग त्याला बुरशी येते आणि तो कुजतो.

ग्रीक पुराणकथांतल्या अथामस राजाचं घर अशा बियाण्यापायी मोडलं. बिओशिया प्रांतातल्या ऑर्कोमेनसचा हा राजा. बाप इओलस, भावांत कोरिंथचा सिसिफस, इओल्कसचा क्रेथिअस, एलिसचा सॅल्मोनिअस. पाताळात दगड ढकलत बसलेला तो सिसिफस म्हणजे याचा सख्खा भाऊ, आणि सोनेरी लोकर आणायला निघालेला जेसन हा क्रेथिअसचा नातू. अथामसची तीन लग्नं झाली: नेफेली, इनो आणि थेमिस्टो. कथा सांगणाऱ्यांनी या तिघींवर भरभरून लिहिलं. कपटी सवत, छळणारी सावत्र आई, वेड लागलेली जन्मदाती, असे सगळे साचे त्यांच्यासाठी वापरून झाले. राजा मात्र कथेत असूनही नसल्यासारखा वावरतो. एक तर त्याला कोणीतरी फसवतं, नाहीतर लोक त्याच्यावर जबरदस्ती करतात, नाहीतर देव त्याला वेड लावतात. मला हे पटत नाही. या घरातला प्रत्येक अनर्थ राजाने न केलेल्या एखाद्या साध्या कामातून निघतो, आणि ग्रीकांना ते ठाऊक होतं. नाटकांनी ते झाकलं. हालोस गावच्या देवस्थानाने झाकलं नाही.

पहिली बायको नेफेली. ही माणूस नव्हे, ढगांतली देवी. तिच्यापासून फ्रिक्सस हा मुलगा आणि हेली ही मुलगी झाली. मग अथामसने इनोशी लग्न केलं. काडीमोड कशावरून झाला, हे अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या पुराणसंग्रहात एका शब्दानेही येत नाही. एक बायको संपते आणि पुढच्या वाक्यात दुसरी सुरू होते. ऐकणाऱ्या ग्रीकाला त्यात काही खटकलंही नसेल. अभिजात काळातल्या अथेन्समध्ये नवऱ्याने बायकोला घराबाहेर काढलं तर तिच्यासोबत हुंडा माहेरी परत जायचा, मुलं मात्र बापाकडे राहायची. सावत्र आईचा प्रश्न तिथल्या घराघरांत याच नियमातून उभा राहत असे. मुलं आईबरोबर गेली असती, तर फ्रिक्ससचा काटा इनोच्या वाटेत आलाच नसता.

इनो ही थीब्जच्या कॅडमस आणि हार्मोनिया यांची मुलगी. सेमेली, अगावी आणि ऑटोनोई या तिच्या बहिणी. थीब्ज आणि ऑर्कोमेनस ही बिओशियातली दोन मोठी गावं, कोपाइस सरोवराच्या दोन अंगांना वसलेली, आणि प्रांतावर वर्चस्व कोणाचं यावरून पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या वाईटावर. तेव्हा थीब्जच्या राजकन्येचा मुलगा ऑर्कोमेनसच्या गादीवर बसणं ही नुसती आईची हौस नव्हती. इनोला लिआर्कस आणि मेलिकर्टीस असे दोन मुलगे झाले. दोघेही धाकटे. थोरला फ्रिक्सस जिवंत असेपर्यंत त्यांना गादी नव्हती.

इथे ते बियाणं येतं. कथेतला हा भाग नीट पाहण्यासारखा आहे, कारण तो ज्याने रचला त्याला शेती आणि स्वयंपाकघर दोन्ही ठाऊक होतं. अपोलोडोरसच्या संग्रहात इनो गावातल्या बायकांना गहू भाजायला पटवते. बायका पुरुषांच्या नकळत बियाणं घेतात आणि भाजतात. लॅटिन संग्रहकार हायजिनस सांगतो की तिने सगळ्या घरंदाज बायकांशी संगनमत केलं. रोमन कवी ओव्हिड मात्र ‘फास्ती’ या काव्यात सगळं तिच्या एकटीच्या माथी मारतो: तीच शेतकऱ्यांना भाजलेलं बी वाटते. यातलं पहिलं रूप व्यवहाराला धरून आहे, आणि त्याचं कारण आकड्यांत दिसतं. व्हॅरो हा रोमन लेखक एका युगेरमला, म्हणजे सुमारे पंचवीस गुंठ्यांना, पाच मोदिउस गहू पेरायला सांगतो. एक मोदिउस पावणेनऊ लिटरच्या आसपास. म्हणजे पंचवीस गुंठ्यांना तेहतीस-चौतीस किलो. दहा युगेरा पेरणाऱ्या एका घराचं बियाणं सव्वातीनशे किलोंच्या वर जातं. दोन किलोचा एक घाणा धरला तर दीडशेहून जास्त घाणे, आणि ते एका घराचे. पूर्ण राज्याचं बी एका राणीने आपल्या महालात भाजणं अशक्य. घराघरांत, रोज थोडं थोडं, महिनाभर भाजत राहिलं तरच ते जमतं.

आणि वासाचं काय? इतकं धान्य भाजताना वास सुटणारच. पण ग्रीक घरात हा वास रोजचाच होता. त्यांचं मुख्य अन्न जवाचं, आणि जव भाजल्याशिवाय दळत नसत. भाजल्याने साल सुटते आणि पीठ टिकतं. प्लिनी या रोमन लेखकाने ग्रीकांची पद्धत नोंदवली आहे: जवावर पाणी मारायचं, एक रात्र वाळू द्यायचे, दुसऱ्या दिवशी भाजायचे आणि मग जात्यावर भरडायचे. सातूचं पीठ करणाऱ्या घराला हा क्रम ओळखीचा वाटेल. पोलक्स या इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या कोशकाराने तर असं नोंदवलंय की, नववधूने सासरी येताना जव भाजायचं भांडं आणावं, असा अथेन्सला कायदे घालून देणाऱ्या सोलोनचा नियम होता. म्हणजे भाजणं हे बायकोच्या कामाचं अधिकृत चिन्ह. नांगर आणि पेरणी पुरुषाकडे, कोठार आणि भाजणं बाईकडे. इनोचं कपट त्या दोन कामांच्या सांध्यात बसतं. तिने काही चमत्कारिक केलंच नाही; रोज जे करायचं तेच एका चुकीच्या रांजणावर केलं. वारकरी अभंगात बी भाजून लाही केली की जन्ममरणाचा फेरा सुटतो. ऑर्कोमेनसमध्ये त्याच कृतीने राज्य उपासमारीच्या तोंडाशी आलं.

आता पेरणीचं वेळापत्रक. सुदैवाने ते याच प्रांतातल्या माणसाने लिहून ठेवलंय. हेसिओड हा कवी बिओशियातल्याच अस्क्रा गावचा. कृत्तिका पहाटे मावळू लागल्या की नांगर धर, त्या पहाटे उगवू लागल्या की विळा उचल, असं तो सांगतो. क्रौंच पक्ष्यांचा आवाज ऐकू आला की पेरणी जवळ आली. पेरणाऱ्याच्या मागून एका पोराने कुदळीने बी मातीखाली ढकलत जावं, म्हणजे पाखरांना ते मिळणार नाही. हे सगळं ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुमाराला. पहिल्या पावसानंतर दोन-तीन आठवड्यांत रान हिरवं दिसायला हवं. नाही दिसलं तर? हेसिओडने उशिरा पेरणाऱ्यालाही एक आशा ठेवली आहे: कोकिळा ओरडू लागल्यावर तिसऱ्या दिवशी भरपूर पाऊस झाला, तर मागे पडलेला शेतकरी पुढच्याला गाठू शकतो. म्हणजे दुबार पेरणीची सोय होती. ऑर्कोमेनसमध्ये ती फसली, याचा अर्थ कोठारातलं राखून ठेवलेलं बीही भाजलेलंच होतं. बायकांनी एकही रांजण सोडला नव्हता.

अथामसच्या घरातलं पहिलं न झालेलं काम हे. त्याने किंवा त्याच्या कारभाऱ्याने मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवले असते, तर चार-पाच दिवसांत उत्तर मिळालं असतं. एक दाणा दाताखाली फोडला असता तरी भाजलेला कुडकुडीत दाणा आणि कच्चा चिवट दाणा यांतला फरक कळला असता. पण राजा कोठारात गेला नाही. त्याने थेट देवाला विचारायचं ठरवलं.

देवही लांब नव्हता. ऑर्कोमेनसपासून डेल्फी, म्हणजे अपोलो देवाचा कौल घ्यायचं ठिकाण, सरळ रेषेत चाळीस-बेचाळीस किलोमीटर पश्चिमेला; डोंगरवाटेने गेलं तरी दोन-तीन दिवसांचं चालणं. अथामस स्वतः गेला नाही, दूत पाठवले. इनोने त्या दूतांना फितवलं. त्यांनी परत येऊन सांगितलं की फ्रिक्ससला झ्यूसच्या वेदीवर बळी दिल्याशिवाय जमीन पिकणार नाही.

दूत खोटं बोलू शकतो ही भीती ग्रीकांना चांगलीच माहीत होती, आणि तिच्यावर त्यांनी उपायही काढले होते. मेगाराचा कवी थिओग्निस बजावतो की डेल्फीला पाठवलेला माणूस ओळंब्याहून आणि गुण्याहून सरळ असावा. त्याने देवाच्या शब्दांत भर घातली तर इलाज उरत नाही, काही गाळलं तर पाप टळत नाही. स्पार्टाचा प्रत्येक राजा दोन खास माणसं नेमायचा. डेल्फीला जाणं आणि मिळालेला कौल राजांबरोबर जपून ठेवणं हे त्यांचं काम. इ.स.पू. ३५२ च्या सुमारास अथेन्सला एल्युसिसजवळच्या देवाच्या जमिनीबद्दल विचारायचं होतं, तेव्हा त्यांनी कमाल केली. दोन पर्याय कथलाच्या दोन सारख्या पत्र्यांवर लिहिले, पत्रे लोकरीत गुंडाळले, एक सोन्याच्या आणि एक चांदीच्या घागरीत टाकून घागरी मोहोरबंद केल्या, आणि डेल्फीला फक्त एवढंच विचारलं की सोन्याच्या घागरीतलं ऐकायचं की चांदीच्या. कोणत्या घागरीत कोणता पर्याय आहे हेच दूताला माहीत नव्हतं, मग तो फितून तरी काय करणार! ही सगळी व्यवस्था अथामसच्या कथेनंतरची आहे हे खरं. पण ती उभारणाऱ्या लोकांनी ही कथा लहानपणापासून ऐकलेली होती, आणि निरोप्याच्या तोंडाकडे बघून पोटच्या पोराला वेदीवर नेणारा राजा त्यांना काही केवळ दुर्दैवी वाटला नसेल.

वेदीपुढचा प्रसंग दोन तऱ्हांनी सांगतात. अपोलोडोरसच्या संग्रहात लोकांच्या रेट्यापुढे राजा झुकतो आणि मुलाला उभं करतो. हायजिनसच्या एका कथेत तो नकार देतो, पण फ्रिक्सस स्वतःहून पुढे होतो, आणि कपाळाला बळीच्या पट्ट्या बांधल्यावर त्या फितलेल्या सेवकालाच दया येऊन तो सगळं ओकून टाकतो. बहुतेक ठिकाणी नेफेली मुलांना उचलते आणि हर्मीस देवाकडून मिळालेल्या सोनेरी लोकरीच्या मेंढ्यावर बसवते. आशिया आणि युरोप यांच्यामधल्या चिंचोळ्या समुद्रावरून जाताना हेली घसरून पडते. त्या पाण्याला हेलेस्पाँट, म्हणजे हेलीचा समुद्र, नाव पडलं. आजची दार्दानेल्सची सामुद्रधुनी ती. फ्रिक्सस काळ्या समुद्राच्या पार कोल्किसला पोचला. तिथल्या इईटीस राजाने त्याला आपली मुलगी कॅल्किओपी दिली. फ्रिक्ससने मेंढा बळी दिला, आणि त्याची लोकर युद्धदेव एरीसच्या राईत ओकच्या झाडाला ठोकली गेली. पुढचं जेसनचं प्रकरण जगाला ठाऊक आहे.

इथे कथा थांबली असती तर इनोला शिक्षा झाली, असं म्हणून कोणीही समाधान मानलं असतं. तिला वेगळ्याच गुन्ह्याची शिक्षा मिळाली. बहीण सेमेली झ्यूसच्या विजेने जळून मेली, तेव्हा झ्यूसपासून तिला झालेला, वाचलेला मुलगा डायोनायसस, पुढे मद्याचा देव, हर्मीसने इनो आणि अथामसच्या घरी आणून ठेवला. झ्यूसची बायको हेरा हिला पत्ता लागू नये म्हणून त्याला मुलीसारखं वाढवायचं ठरलं. हेराला पत्ता लागलाच. तिने दोघांनाही वेड लावलं. अपोलोडोरसच्या संग्रहात अथामसला लिआर्कस हरणासारखा दिसतो आणि तो त्याची शिकार करतो. ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’मध्ये त्याला इनो सिंहीण आणि दोन्ही मुलं तिचे बछडे वाटतात; तो साथीदारांना रानात जाळी लावायला ओरडून सांगतो, मग तिच्या हातातून लिआर्कसला हिसकावून गोफणीसारखं गरगर फिरवतो आणि खडकावर आपटतो. इनो मेलिकर्टीसला घेऊन समुद्रात उडी टाकते. मेगारा आणि कोरिंथ यांच्यामधल्या कड्याच्या वाटेवर मोलुरिस नावाचा खडक आहे, तो त्या उडीचा म्हणून दाखवत असत. ऑर्कोमेनसपासून तो सरळ रेषेतच साठेक किलोमीटर. वेड्या बाईने एवढं अंतर कसं तोडलं, हा प्रश्न कोणी ग्रीक विचारत नाही.

मेल्यावर इनो समुद्रदेवी ल्युकोथिआ झाली. होमरच्या ‘ओडिसी’च्या पाचव्या सर्गात बुडत्या ओडिसियसला तीच आपला ओढणीसारखा पट्टा देते, छातीखाली बांध म्हणते, आणि किनारा लागला की तोंड फिरवून पुन्हा समुद्रात टाक म्हणून सांगते. मेलिकर्टीसचं शव एका डॉल्फिनने इस्थमसच्या, म्हणजे कोरिंथजवळच्या संयोगभूमीच्या, किनाऱ्यावर आणलं. ते सापडलं चुलत्याला, सिसिफसला. त्याने पुतण्याचे अंत्यसंस्कार करून त्याच्या स्मरणार्थ इस्थमियन खेळ सुरू केले, असं मानतात. रोममध्ये ही देवी माटर माटुटाशी एकरूप झाली आणि ११ जूनला तिचा सण होऊ लागला. त्यात बायका स्वतःच्या मुलांसाठी मागणं मागत नसत, बहिणीच्या मुलांसाठी मागत. दासींना देवळात बंदी. एकीला आत आणून मारून बाहेर काढायची रीत. प्लुटार्क या ग्रीक लेखकाने कारण दिलंय की, इनो अँटिफेरा नावाच्या एका दासीवरून जळत होती, अथामसचे तिच्याशी संबंध होते. ओव्हिड पुढची कडी जोडतो: भाजलेल्या बियाण्याची गोष्ट राजाला सांगितली ती त्याच दासीने. म्हणजे तीन लग्नांच्या हिशेबात ही चौथी बाई कुठेच धरलेली नाही, आणि तरी शतकानुशतकं मार ती खातेय.

अथामस राज्याबाहेर काढला गेला. कुठे राहू, असं त्याने देवाला विचारलं, आणि या वेळी मधे कोणी दूत असल्याचं कथा सांगत नाही. उत्तर आलं: जिथे रानटी जनावरं तुझा पाहुणचार करतील तिथे. भटकत असताना त्याला मेंढ्या फाडून खाणारे लांडगे दिसले. त्याला पाहून ते शिकार टाकून पळाले. तोच पाहुणचार समजून तो तिथे राहिला, त्या मुलखाला अथामांशिआ म्हणू लागला आणि हिप्सिअसची मुलगी थेमिस्टो हिच्याशी त्याने लग्न केलं. ल्यूकॉन, एरिथ्रिअस, स्कीनिअस, प्टोअस असे चार मुलगे झाले. या रूपात तिसरं लग्न अगदीच बिनघोर आहे, वेड नाही, खून नाही. त्यामुळे त्यावर कोणी नाटक लिहिलं नाही.

अथेन्सचा नाटककार युरिपिडीस याने लिहिलं ते दुसऱ्याच रूपावर. त्याचं ‘इनो’ नाटक हरवलं, पण हायजिनसने कथानक सांगून ठेवलंय. त्यात इनो मेली असं समजून अथामस थेमिस्टोशी लग्न करतो. तिला जुळे मुलगे होतात. मग कळतं की इनो पार्नासस डोंगरावर डायोनायससच्या उत्सवात आहे. तो तिला गुपचूप घरी आणतो आणि ती कोण हे लपवून ठेवतो. थेमिस्टोला एवढंच कळतं की इनो सापडली आहे. ती इनोची मुलं मारायचं ठरवते आणि मदतीला घेते घरातल्या नव्या बंदिवान बाईला, म्हणजे खुद्द इनोला. रात्री माझ्या मुलांना पांढरी वस्त्रं घाल, इनोच्या मुलांना काळी, असं ती सांगते. इनो रंग बदलते. थेमिस्टो अंधारात काळी वस्त्रं शोधत आपल्याच दोन्ही मुलांना मारते, आणि कळल्यावर स्वतःचा जीव घेते.

सूडनाट्याची ही रचना घट्ट विणलेली आहे. तिच्यातला एकच टाका उसवून बघा: अथामसने थेमिस्टोला सांगितलं असतं की ही बाई इनो आहे, तर कट रचणं शक्यच नव्हतं. दोन बायका एका छपराखाली ठेवून एकीची ओळख दुसरीपासून लपवणं ही पूर्ण राजाची कर्तबगारी. याच नाटकातल्या एका उरलेल्या तुकड्यात कोणीतरी म्हणतं की बायकांबाबतचे कायदे बरोबर नाहीत. सुखवस्तू पुरुषाला जमतील तितक्या बायका असाव्यात, म्हणजे वाईट निघेल तिला घराबाहेर काढता येईल आणि चांगली ठेवता येईल, एकीवरच सारं पणाला लावणं फार धोक्याचं. अथामसच्या घरात हे वाक्य ऐकून अथेन्सच्या प्रेक्षकांनी काय केलं असेल, हसले असतील की गप्प झाले असतील? इजिप्तमधल्या फिलाडेल्फिया या प्राचीन गावच्या दफनभूमीत २०२२ मध्ये सापडलेल्या एका पपायरसवर ‘इनो’ आणि ‘पॉलिइडस’ या युरिपिडीसच्या दोन हरवलेल्या नाटकांतल्या मिळून जवळपास शंभर ओळी निघाल्या, आणि २०२४ मध्ये त्या छापून आल्या. त्यामुळे हे नाटक आता पूर्वीइतकं अंधारात नाही.

त्याच युरिपिडीसच्या, स्वतःची मुलं मारणाऱ्या मीडियावरच्या ‘मीडिया’ नाटकात, इ.स.पू. ४३१ मध्ये, मुलांच्या किंकाळ्या ऐकून कोरस म्हणतो की आपल्या पोटच्या मुलांवर हात टाकणारी आजवर एकच बाई ऐकली, देवांनी वेड लावलेली इनो. नवऱ्यावरच्या सूडापायी मुलगा मारणारी प्रॉक्नी आठवत नाही, थेमिस्टो आठवत नाही, आणि लिआर्कसला मारणारा बाप तर आठवायचा प्रश्नच नाही. मीडिया ज्या कोरिंथमध्ये उभी आहे तिथल्याच किनाऱ्यावर मेलिकर्टीसची पूजा होत होती, तेव्हा इनोचं नाव सुचणं स्वाभाविक. पण रंगभूमीने दोष कसा सरकवला, हे त्या ओळींत उघडं दिसतं.

आता हालोस. इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियाचा सम्राट झर्क्सीझ हेलेस्पाँटवर नौकांचे पूल बांधून ग्रीसमध्ये उतरला. सेस्टॉसहून निघालेलं त्याचं सैन्य हेलीच्या कबरीजवळून गेलं. इतिहासकार हेरोडोटस सांगतो, कबर त्यांच्या उजव्या हाताला होती. पुढे थेसलीतून खाली येताना हालोस गावात वाटाड्यांनी सम्राटाला झ्यूस लाफिस्टिओसच्या देवस्थानाची हकीकत सांगितली. अथामसने इनोशी मिळून फ्रिक्ससच्या मरणाचा कट केला, अशी ती सुरू होते. हे ‘मिळून’ महत्त्वाचं आहे. गावच्या आठवणीत राजा फसलेला नव्हता, कटात सामील होता. पुढे अकियन लोकांनी देशाचं पाप फेडायला खुद्द अथामसलाच बळी द्यायचं ठरवलं. ऐन वेळी फ्रिक्ससचा मुलगा सिटिसोरस कोल्किसहून आला आणि त्याने आजोबाला सोडवलं. आजोबा ज्याला मारायला निघाला होता त्याच्याच मुलाने आजोबाला वाचवावं, आणि त्याबद्दल देवाने खूश न होता कोपावं! तेव्हापासून त्या वंशातल्या थोरल्या मुलाला गावच्या सभागृहात पाऊल टाकायला बंदी. सभागृहाबाहेर लोक स्वतः पहारा देत. तो आत शिरलाच, तर बळी म्हणूनच बाहेर यायचा. अनेक जण घाबरून परदेशी पळाले; त्यांतले जे परतून आत सापडले त्यांना अंगभर पट्ट्या-हारांनी मढवून मिरवत नेलं, असं वाटाडे सांगत. झर्क्सीझने ती राई टाळली, सैन्यालाही टाळायला लावली, आणि अथामसच्या वंशजांच्या घरालाही देवस्थानासारखा मान दिला.

या हकीकतीत बियाणं नाही, सावत्र आईचं कारस्थान जेमतेम एका शब्दात, आणि देणं राजाच्या वंशाच्या नावावर. अथेन्सच्या प्रेक्षकांनाही हे रूप माहीत होतं. इ.स.पू. ४२३ च्या ‘क्लाउड्स’ या प्रहसनात अ‍ॅरिस्टोफेनीसचा म्हातारा शेतकरी डोक्यावर हार ठेवताच घाबरून म्हणतो की मला अथामससारखा बळी देऊ नका. जुने टीपाकार त्यावर सांगतात की सॉफोक्लीसच्या एका नाटकात अथामसला हार घालून वेदीपुढे आणलं होतं आणि हेरॅक्लीजने त्याला सोडवलं. तिथेच आणखी एक रूप टिपलंय: अथामसने मर्त्य बाईसाठी नेफेलीला दूर लोटलं, ती आकाशात निघून गेली, आणि नवऱ्याच्या मुलखावर अवर्षण आलं. पीक जायला इथे भाजलेल्या दाण्याची गरजच उरत नाही. ढगाला घराबाहेर काढलं की पाऊस येत नाही, एवढं साधं आहे. माझा कौल या रूपाला. पीक जाणं आणि त्यासाठी राजाने जीव देणं ही जुनी गोष्ट असावी. भाजलेलं बी ही हुशारीची, पण नंतरची भर. तिच्यामुळे दुष्काळाचा दोष आकाशातून आणि सिंहासनावरून उतरून चुलीपाशी आला.

ज्या गादीसाठी हे सगळं झालं तिचं काय झालं, हे पॉसेनिअस या प्रवाशाने बिओशियात ऐकून लिहून ठेवलंय. लिआर्कस आणि मेलिकर्टीस गेले होते, थेमिस्टोचा ल्यूकॉन आजारपणात गेला, फ्रिक्सस जिवंत आहे की नाही याचा पत्ता नव्हता. अथामसने सिसिफसचे नातू हालिआर्टस आणि कोरोनस यांना दत्तक घेतलं. मग कोल्किसहून फ्रिक्ससचा मुलगा प्रेस्बॉन परत आला, तेव्हा त्या दोघांनी राज्य त्याच्या हवाली केलं आणि स्वतः हालिआर्टस आणि कोरोनिआ ही गावं वसवली. गादी अखेर नेफेलीच्या नातवाकडे गेली. प्रेस्बॉनचा मुलगा क्लिमेनस पुढे ऑर्कोमेनसचा राजा झाला, आणि ऑन्केस्टस इथे पोसायडनच्या उत्सवात एका क्षुल्लक भांडणावरून त्याला ठार मारलं, ते थीब्जच्या माणसांनी.